वरच्या मजल्याची सही

"सीक्यू, सीक्यू," निशिकांतने माइकमध्ये हाक घातली आणि लगेच वर छतावर काठी वाजली. खर्र-टक-खर्र-टक. खर्र-खर्र-टक-खर्र. त्याने मुकाट्याने सेट बंद केला.

"झाली म्हाताऱ्याची तक्रार सुरू," तो बायकोला, साधनाला म्हणाला.

हौशी रेडिओवाल्यांच्या बोलीत सीक्यू म्हणजे 'कुणी ऐकतंय का?' दिवसभर बँकेत हिशेब तपासून आलेला निशिकांत संध्याकाळी सिंगापुरातल्या बिशानच्या फ्लॅटमधून साऱ्या जगाला हे विचारायचा. जग ऐकत नव्हतं. खिडकीतल्या वीतभर अँटेनावरून आवाज फार लांब जातच नव्हता. तिकडे मिरजेत त्याचा जिवलग प्रबोध आपला सेट लावून ताटकळायचा. गच्चीवर उंच खांब हवा होता. परवानगीही मिळाली असती, फक्त गच्चीखालच्या बिऱ्हाडाची संमतीची सही हवी होती. आणि त्या बिऱ्हाडात राहत होते मिस्टर को, काठीवाले.

"एकदा वर जाऊन विचारा तरी," साधना म्हणायची.

"नकार काय मागून आणायचा?"

लिफ्टमध्ये भेटले की मिस्टर को त्याच्याकडे बघून हसायचे आणि काठीवर बोटं वाजवायचे. निशिकांत मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायचा. एकदा तर वैतागून त्याने झाडूच्या दांड्याने छत बडवलं.  मग टकटक दुप्पट जोमाने सुरू झाली. काय खडूस माणूस! मोर्सची सांकेतिक टिकटिक निशिकांत शिकलाच नव्हता. रेडिओ परवान्याच्या परीक्षेतून ती नुकतीच वगळली होती, मग उगाच कोण डोकं शिणवणार?

अर्ज खणात पडून राहिला. दोन वर्षं गेली.

मग एका रविवारी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पांढरा मांडव पडला. मिस्टर को गेले होते. साधनाने बळेच पाठवलं म्हणून निशिकांत खाली गेला, फोटोसमोर हात जोडले आणि शेंगदाण्यांच्या ताटलीपुढे अवघडून बसला. फोटो तरुणपणीचा होता. अंगात बोटीवरचा गणवेश, कानांवर हेडफोन.

त्यांची कॉलेजात जाणारी नात शेजारी येऊन बसली. "यू द रेडिओ अंकल, आह?"

त्याने मान डोलावली. तिने टेबलावर नखाने ओरखडलं, बोटाने टकटक केलं. खर्र-टक-खर्र-टक. खर्र-खर्र-टक-खर्र.

"मोर्समध्ये सीक्यू, अंकल. आजोबा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. तुमची हाक खिडकीतून ऐकू यायची त्यांना. यू डोन्ट नो, मेह?"

निशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक जिना चढायचा होता फक्त. एकच.

"मी एकदा खालून छत बडवलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "रागाने."

पण ती डोळे पुसत हसली.

"तो दिवस आठवतो मला. आजोबा जेवेचनात, इतके खूश! म्हणाले, अखेर त्याने ओ दिली."