शतावरी कुणाच्या नावाची

"बँकेत कॉम्प्युटर आल्यापासून फार शिणते गं ती," म्हणत सासूबाई माझ्या धाकट्या जावेला, मंजुषाला, रोज दुधातून शतावरीची पूड द्यायच्या. नऊ माणसांचा स्वयंपाक मी करायचे, तो बहुतेक आपोआप शिजत असावा. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायचं तरी. मग दुपारी सगळे आडवे झाले की त्याच डब्यातली चमचाभर पूड मी चोरून खायचे.

यंदा सासूबाईंचे गुडघे धरले, म्हणून शतावरी आणायला हरसूलच्या बाजारात मी गेले. सासूबाईंचं नाव सांगताच झाडपाला विकणाऱ्या आक्काबाईने पुडी पुढे केली.

"ज्याला द्यायची त्याचं नाव घेऊनच मुळी उपटतो आम्ही. ही सुनंदाची."

"मंजुषाची असेल. धाकट्या सुनेची."

"नाय. म्हातारी दर खेपेला थोरलीचंच नाव सांगती."

थोरली मीच. "मग देतात का धाकटीला?" मी विचारलं. "माझ्या हातात का नाही?"

"म्या बी इचारलं. तर म्हनली, थोरलीच्या हातात दिली तर ती ठेवून देईल. जावेला दिलेली दिसली, की चोरून का होईना, खाईल."