टाकीत पाणी जाईना

अर्पिताआत्यानं जुन्या मिनीबसचं फिरतं घर केलं, तेव्हा सगळं माकणी गाव फिदीफिदी हसलं होतं. उद्या सकाळी ती एकटीच बस घेऊन पार हिमाचलला निघणार, आणि आज ऐन वेळी टाकीत पाणीच जाईना. बाहेरनं पाइप लावला की सगळं पाणी भसाभसा उलटं अंगावर!

"बिनपाण्याच्या घरात राहतं व्हय कुणी? इकून टाक ती बस," पप्पा म्हणाले. बहिणीनं एकटीनं जाऊ नये म्हणून महिनाभर भांडत होते ते.

"थांबा की पप्पा, बघू तर द्या!" म्हणत दहावीतल्या हर्षालीनं स्क्रू काढले, पाणी भरायचं तोंड उचकटलं आणि आतल्या नळीत बोटं घातली. फडक्याचा गच्च बोळा बाहेर आला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली, वर दुहेरी गाठ. शेतातल्या ठिबकची फुटकी नळी अशी बांधणारा माणूस त्यांच्या घरात एकच होता.

हर्षालीनं सगळ्यांदेखत तो बोळा पप्पांच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचाच हाय."

पप्पांची मान खाली गेली. आता आत्या कडाडणार, असं हर्षालीला वाटलं.

पण आत्याचा आवाजसुद्धा चढला नाही. "दादा, परवा टाकीचं तोंड उघडलं, तेव्हाच मला तो दिसला होता. तू आपल्या हातानं काढतोस का, तेवढंच बघत होते." मग ती हर्षालीकडं वळली. "बसव ते तोंड, अन् सोड पाणी."