एका मिनिटाचं काम

वायरमनच्याच घरची बेल आठ महिने मुकी होती. बायकोने विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं, "अगं, एका मिनिटाचं काम आहे, करतो की!" मागच्या खेपेला तिची आई दार ठोठावत अर्धा तास जिन्यात उभी राहिली होती, मिक्सरच्या आवाजात आत कुणाला पत्ताच नाही. ती माउली उद्या पुन्हा यायची होती.

नवरा तसा कामाला चोख. दुकानातल्या तक्रारवहीत नाव चढलं की त्याच दिवशी काम झालंच पाहिजे, हा त्याचा बाणा. म्हणून बायकोने आज दुकानात बसणाऱ्या नणंदेला फोन लावला.

"वन्सं, तेवढं वहीत माझं नाव घाला हो."

"घातलं, वहिनी! पुढे 'अर्जंट'ही लिहिते," नणंद खिदळली.

दुपारी नवरा हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर. गाल फुगवूनच त्याने स्टूल मागितलं, सुटलेली तार जोडली आणि बटण दाबलं. बेल घरभर खणखणली.

 

"बघ!" तो ऐटीत म्हणाला. "आठ महिने सांगतोय तुला, एका मिनिटाचं काम आहे म्हणून!"