नसा पोचायच्या आधी

शर्मिष्ठानं बाटली तोंडातून झटकली आणि असा टाहो फोडला, की प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना दाराकडं वळल्या. दारात अनंतराव उभे. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातावर ही सात महिन्यांची नात, आणि चेहरा असा, जणू त्यांनीच तिला चिमटा काढला.

"बाबूजी, अंदर परीक्षा चल रही है," शिपाई नत्थू दबक्या आवाजात म्हणाला.

"मालूम है भैया. पर ये मान ही नहीं रही."

घरी बायको शांताबाई तापानं फणफणल्या होत्या, मुलगा निरंजन ड्यूटीवर. बूढापाऱ्यातल्या घरून रिक्षानं विद्यापीठापर्यंत पोरीला आणायला दुसरं होतं कोण?

आत खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांची सून विनीता ओणवी झाली होती. एम.एस्सी.चं शेवटचं प्रात्यक्षिक. समोर काचेच्या वाटीत कोमट मिठाचं पाणी, आणि त्यात अंड्यातून कात्रीनं कापून अलगद उतरवलेला कोंबडीचा तीन दिवसांचा गर्भ. त्याचं हृदय परीक्षकांना चालू दाखवायचं होतं.

पोरीचा आवाज ऐकताच विनीताच्या कुडत्यावर ओला डाग उमटला. तिनं ओढणी सारखी केली. अनंतरावांनी मान खाली घातली.

नागपूरहून आलेल्या परीक्षक सरोजिनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी मुलगी?"

"हो, मॅडम."

"जा, पाजून ये. पण मी तुझ्या टेबलाशी येईन तेव्हा हृदय चालू पाहिजे. दुसरं अंडं नाही मिळायचं."

विनीता जिन्याखाली भिंतीकडं तोंड करून बसली. अनंतराव पाठ फिरवून आडोशासारखे उभे राहिले. मागून पोरीच्या घुटक्यांचा आवाज येत होता.

"त्याले काही होईन का?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"थंड पडलं का थांबते, बाबा."

"मंग तू जाय ना! मी पाहतो हिले."

"पोट भरू द्या तिचं."

एवढंच बोलली ती. पोरीनं आपणहून तोंड बाजूला केलं, तेव्हा कुठं उठली.

नातीला खांद्यावर घेऊन अनंतरावही मागोमाग दारापर्यंत गेले. शेजारच्या टेबलावरचा पराग कुजबुजला, "रुक गया, दीदी. मैं देख रहा था."

वाटीतला लाल ठिपका निपचित पडला होता.

विनीतानं स्पिरिटचा दिवा पेटवला, मिठाचं पाणी गरम केलं, ड्रॉपरनं एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला सोडला. जरा गार पाणी मिसळलं. पुन्हा थेंब, पुन्हा मनगट. सकाळी बाटली भरून आजीच्या हाती देताना ती रोज असंच करायची. अनंतराव रोज बघायचे, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"थर्मामीटर आहे ना टेबलावर?" सरोजिनी मॅडम येऊन पोचल्या होत्या.

"आहे, मॅडम." पण तिचा हात थांबला नाही.

एक थेंब. काही नाही. आणखी एक. काही नाही. परागनं तोंड फिरवलं. विनीता मात्र थेंब सोडतच राहिली, ना घाई, ना खंड, लेकराला चमच्यानं औषध पाजावं तशी.

ठिपका फडफडला.

थांबला. पुन्हा फडफडला. आणि मग चालायलाच लागला. भोवतीचे केसासारखे लाल धागे एकेक करून भरत गेले.

बाजूची मुलं हातातली कामं टाकून गोळा झाली होती. मॅडम वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, मग तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "याला चालायला कोण सांगतं?"

"कोणीच नाही, मॅडम. मेंदूकडून येणाऱ्या नसा अजून तिथवर पोचल्याच नाहीत. ते आपलं आपणच सुरू होते."

"आणि आत्ता पुन्हा सुरू झालं ते?"

विनीतानं ड्रॉपर खाली ठेवला. "त्याले फक्त ऊब पाहिजे होती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. "या काका, तुम्हीही बघा."

अनंतरावांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. जेवताना कुणी नाव काढलं तरी ते ताटावरून उठायचे. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, नातीचं डोकं सांभाळत आत आले आणि वाकले. मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी. लाल. थांबायचं नाव नाही.

"बापा रे," ते म्हणाले. हात जोडावेसे वाटले, पण हातांत नात होती.

त्यांनी सुनेकडं पाहिलं. कपाळावर घाम, सुटलेले केस, बोटांना अंड्याचा चिकटा. रोज सकाळी आपल्याला चहा देणारी हीच का ती, असं त्यांना झालं.

"तू आरामात कर तुझं," ते कसेबसे म्हणाले. "आमची फिकर नको करू."

परतीच्या रिक्षात नात त्यांच्या छातीवर पडून होती. तिच्या पाठीवर त्यांनी तळवा टेकवला, आणि बूढापारा येईपर्यंत तो उचलला नाही.

"बच्ची सो गई क्या, बाबूजी?" रिक्षावाल्यानं वळून विचारलं.

"हव, सो गई," अनंतराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, हळूच, "पर चालू है."