तीन पायांचा गवा

पाच सेंटच्या जुन्या नाण्यावर ढाल असली तर ते सगळ्यांत जुनं, बाईचा चेहरा असला तर त्यानंतरचं आणि गवा असला तर आपल्या वडिलांच्या वेळचं, हे डेल्बर्टने नेब्रास्कातल्या त्या गावात प्रत्येकाला दोनदा तरी ऐकवलं होतं. टाकसाळीच्या चुकीने तीनच पाय उमटलेला गवा मात्र वीस वर्षं धुंडाळूनही मिळेना, तेव्हा त्याने अन्न टाकलं. मग एका सकाळी तो गवा त्याच्याच कोटाच्या खिशात सापडला.

"आर्लीन, हात नको लावूस! तुला काय कळतंय त्यातलं?" हे बायको तेव्हापासून ऐकत आली.

आज ओमाहाहून बडे जाणकार आले होते. नाणं खोटं ठरलं तर नवरा अंथरूण धरणार, या धास्तीने आर्लीन भरलेल्याच कपांत पुन्हा कॉफी ओतत होती.

जाणकारांनी भिंग खाली ठेवलं. "अस्सल आहे, काका! याला जोड मिळायची नाही."

"ऐकलंस ना?" डेल्बर्ट बायकोवर गुरगुरला.



जोड आर्लीनच्या शिवणाच्या डब्यात होती. हात बसायच्या आधीच्या त्या पहिल्या नाण्यावर तिची नखं घासायची कानस जरा जास्त चालली होती आणि गव्याला दोनच पाय उरले होते.