बढतीची तार

"काय म्हणाला ओ तो?" कमलाबाईंनी विचारलं.

टीव्हीवर रविवारचा हिंदी सिनेमा चालू होता. पडद्यावरच्या पोस्टमनने तार दिली होती आणि पडद्यावरचा बाप ती वाचून खांबाला टेकला होता. त्याचा मुलगा लढाईत कामी आला होता. कमलाबाईंना हिंदी अर्धंमुर्धं कळायचं. उरलेलं त्यांचे यजमान, बाबाजी गुरुजी, मराठीत सांगायचे. घरात टीव्ही आल्यापासूनचा हा रिवाज होता.

"मुलाला बढती मिळाली," गुरुजी म्हणाले. "लांब बदली झाली म्हणतोय."

शेजारची शालन सतरंजीवर बसली होती. ती कोर्टाजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट होती, हिंदी-इंग्रजी दोन्ही तिला येत होतं. ती सतरंजीची दशी ओढू लागली.

गुरुजी उठले, माठातलं पाणी प्यायले आणि परत खुर्चीत येऊन बसले.

तार त्यांच्याही घरी आली होती, मंगळवारी दुपारी. शालनला त्या दिवशी सुटी होती आणि कमलाबाई तिच्याकडे जाऊन बसल्या होत्या. रघू, त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी होता. हा टीव्हीसुद्धा त्यानेच आणलेला. वादळात डेकवरून समुद्रात पडला, शोध लागला नाही, अशा चार इंग्रजी ओळी होत्या. एरवी पाणी मागून घेणारा धाकू पोस्टमन शालनच्या घराकडून आला आणि तार हातात ठेवून तसाच निघून गेला. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलेलं होतं. पोस्टातला डिंकही संपला वाटतं, असं गुरुजींच्या मनात आलं. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल याचा नेम नसतो.

कमलाबाईंना हृदयविकाराचा झटका येऊन दोन महिने झाले होते. धक्का बसेल असं काही कानावर जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या रविवारपासून आठ दिवसांनी, सोमवारी, ते पुन्हा तपासणार होते. त्यांना विचारायचं आणि मग सांगायचं, असं गुरुजींनी ठरवलं. तार त्यांनी कपाटातल्या जुन्या हजेरीबुकात ठेवून दिली. खरं तर झोपाळ्यावर टाकली असती तरी चाललं असतं. कमलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं.

गुरुजींना रडू येत नव्हतं. दात काढताना सुई टोचली की हिरडी बधिर होते, तसं सगळं अंग झालं होतं. संशय नको म्हणून त्यांनी बुधवारी दाढी केली, बाजारातून बांगडे आणले. मुलाच्या नावाने एक पळी पाणीसुद्धा सोडलं नाही. तेवढं एक मात्र बधिरपणातही टोचत होतं.

बांगडे कमलाबाईंनी शालनकडे धाडले. "वास सोसत नाय," म्हणाल्या. एकूणच त्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरांचं ऐकायचं मनावर घेतलं होतं. दोन महिने कानाआड केलेलं पथ्य एकदम सुरू झालं. तळणं बंद, फोडणी बंद, आमटी नुसती उकडलेली. गुरुजी निमूट जेवत होते. देवापुढचा दिवाही कमलाबाईंनी शालनवर सोपवला, कारण वाकलं की दम लागायचा. वाडीतल्या गंगुबाईंच्या नातवाचं बारसं होतं, तिथेही त्या गेल्या नाहीत.

सिनेमा संपला. शालनने टीव्ही बंद केला. आता नेहमीप्रमाणे मतं सांगायची वेळ झाली.

"कसा वाटला, काकी?" तिने विचारलं.

"बरा होता. आईचं काम करणारी ठीक. रडली तरी काजळ हललं नाय तिचं," कमलाबाई म्हणाल्या. "बाप मात्र चांगला घेतलाय. पण काय ओ, बढतीच्या तारेला एवढा कशाला गळाठला तो? आणि आनंदाची बातमी बायकोपासून लपवली कशाला?"

"लांबची बदली ना," गुरुजी म्हणाले. "तिला सोसली नसती."

"सांगायला हवं होतं त्याने," शालन खाली बघत म्हणाली.

"नको गो. लपवू दे त्याला. लपवायचं काम हाय म्हणून तर उभा हाय तो."

गुरुजींना हायसं वाटलं. लपवणं हिलाही पटतंय तर. ते पुन्हा माठाकडे गेले.

पुढचा आठवडा तसाच गेला. शालन रोज येऊन दिवा लावायची, बातम्या बघायची. कमलाबाई कुठल्या मालिकेतली सासू खोटी वाटते ते सांगायच्या आणि गुरुजी हो म्हणायचे. रविवार उजाडला. उद्या डॉक्टर. उद्या सांगावं लागणार, या विचाराने गुरुजी आंघोळीला गेले ते बराच वेळ मोरीतच बसून राहिले. पाणी गार झालं तेव्हा उठले.

बाहेर आले तर घरभर तळणाचा वास सुटला होता.

कमलाबाई न्हाऊन चुलीपुढे बसल्या होत्या. परातीत वडे होते, पातेल्यात काळ्या वाटाण्यांचं सांबारं, शेजारी खीर. देवापुढे दिवा लागला होता, आणि शालन अजून आलेली नव्हती.

"अगो, एवढं तेल?" गुरुजी म्हणाले. "उद्या डॉक्टर यायचेत. काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्यांनी केळीच्या पानावर दोन वडे ठेवले, सांबारं घातलं, द्रोणात खीर वाढली. मग बरणीतली लोणच्याची मोठी फोड शोधून काढली. रघूला तशीच लागायची.

गुरुजींचा हात माठाकडे गेला. कमलाबाईंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"आता पाणी नका पिऊ," त्या म्हणाल्या. "आज तेरावा. कावळ्याला ठेवून या."