मामांचा काळपट गूळ

लोकरीचा पांढरा धागा गुळाच्या पाण्यात उकळला, धुतला, परत धुतला. चढलेला तपकिरी रंग सुटेना. गुळाचा स्वतःचा रंग असा लोकरीला धरून बसत नाही. धरून बसतो तो बाजारातून आणून घातलेला. प्राचीने दुसरा धागा घेतला. बारामतीच्या प्रयोगशाळेत ती अन्न विश्लेषक होती. विश्लेषकाला निकाल दोनदा पाहिल्याशिवाय पटत नाही. नमुना सख्ख्या मामाच्या गुऱ्हाळातला असेल तर तीनदा पाहूनही पटत नाही.

धागे सगळे तपकिरीच निघाले.

मामा म्हणजे अंथुर्ण्याचे जोतीराम. मागे प्राचीने गावोगाव सांगितलं होतं, "पिवळाधमक गूळ घेऊ नका, त्यात रंग उजळवणारी पावडर असते. काळपट घ्या." टाळ्या पडल्या, व्हिडिओ फिरला. टाळ्या वाजवणाऱ्या गुऱ्हाळवाल्यांपैकी पावडर सोडली ती एकट्या मामांनी, तीही भाचीच्या शब्दाखातर. तेव्हापासून धंदा बसलेला. आता पुण्याचा एक दुकानदार सगळा माल उचलायला तयार होता. अट एकच, प्रयोगशाळेचा चांगला अहवाल. तो नाही मिळाला तर गुऱ्हाळाचं चुलवाण कायमचं विझणार होतं.

प्राचीने अहवालावर सही केली आणि गुऱ्हाळ गाठलं. मामा उकळत्या रसाच्या काहिलीवरची मळी झाऱ्याने काढत होते.

"मामा, गुळात रंग घातलाय तुम्ही."

"व्हय." झारा थांबला नाही. "पावडर मातर न्हाय. तुझी शपथ."

"पण रंग कशाला? बिनपावडरीचा गूळ काळपटच होतो की!"

"कोन म्हनलं?"

म्हणणारी समोरच उभी होती.

"उसावर असतं त्ये, रानावर असतं," मामा म्हणाले. "खालच्या काळ्या रानाचा गूळ काळपट उतरतो, वरच्या मुरमाडाचा सोन्यावानी. गेल्या साली ऊस मुरमाडाचाच, सगळ्या ढेपा पिवळ्या उतरल्या. गिऱ्हाइकानं मोबाईल काढून तुझा व्हिडिओ लावला अन् तोंडावर म्हनलं, आबा, तुमी पावडर घालताय. शेजारचा म्हस्कू खराब साखर वितळवून वरनं काळपट रंग ओततो. त्याच्या दारात मोटारींची रांग."

मामांनी झारा खाली ठेवला.

"सही केलीस का?" मामांनी विचारलं.

"केली."

"झ्याक केलंस. खोटी सही नगं." मामांनी चुलवाणातली चिपाडं मागं ओढली. जाळ बसला. काहिलीतला रस फुसफुसत थंडावला.

"मामा, लोकांना आता सांगू तरी काय?"

"काय बी सांग. पर नवा रंग सांगायचा झाला, तर आदी म्हस्कूला कळीव. हितं गुऱ्हाळ आता त्याचंच ऱ्हायलंय."